ईयोब

ईयोब : हिब्रू बायबलमधील, म्हणजेच ख्रिस्ती परंपरेतील जुन्या करारामधील, एक काव्यग्रंथ व त्याचा नायक. मूळ हिब्रू नाव इय्योव्ह. इंग्रजीत त्याचे ‘जॉब’ झाले आणि अरबीत ‘अय्यूब’. इस्लाम धर्मातही अय्यूब हा पैगंबर मानला जातो. ‘इय्योव्ह’ या नावाचे हिब्रूतील ‘शत्रू’ या अर्थाच्या शब्दाशी ध्वनिसाम्य आहे व ग्रंथकाराने एके ठिकाणी (१३:२४) त्याचा उपयोग करून घेतलेला दिसतो. देव आपल्याला शत्रू का लेखतो, असा प्रश्न तेथे ईयोब विचारतो. निर्दोष मनुष्याच्या वाट्याला दुःख का येते आणि ते आल्यानंतर ईश्वरावर भरवसा ठेवणे म्हणजे नेमके काय करणे, असे दोन प्रश्न या ग्रंथात गुंतलेले आहेत. पहिल्याचे उत्तर ग्रंथ देत नाही. दुसऱ्याचे उत्तर तो देतो. परंतु ते परंपरेने दीर्घकाळ अर्धेच ऐकले, असे म्हणावे लागते.

कथावस्तू व रचना : ग्रंथाची एकूण ४२ प्रकरणे आहेत. आरंभीची दोन प्रकरणे व शेवटच्या प्रकरणाचा उत्तरार्ध गद्यात असून मधला जवळजवळ सर्व भाग पद्यात आहे. ऊस नावाच्या देशात ईयोब हा सात्त्विक, देवभीरू व अतिशय संपन्न गृहस्थ राहत असे. त्याला सात पुत्र व तीन कन्या होत्या; ७,००० मेंढरे, ३,००० उंट, बैलांच्या ५०० जोड्या व ५०० गाढवी असे त्याचे पशुधन होते. ऊस देश इस्राएलच्या भूमीबाहेरचा होय. ईयोब हा इस्राएली नव्हे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. स्वर्गातील दरबारात देव त्याच्या सचोटीचा उल्लेख करतो, तेव्हा सैतान अशी शंका काढतो, की ईयोबाची भक्ती फुकटची नाही; त्याचे ऐश्वर्य काढून घेतले, तर ती टिकणार नाही. येथील सैतान हा उत्तरकालीन ख्रिस्ती कल्पनेतील नरकाधिपती नव्हे. हिब्रूत हा शब्द उपपदासह येतो व त्याचा अर्थ ‘आरोप ठेवणारा’ असा आहे; ते विशेषनाम नसून दरबारातील एक पद आहे. देवाच्या अनुज्ञेने एकाच दिवशी ईयोबाची सर्व मालमत्ता व सर्व अपत्ये नष्ट होतात. देणारा व परत नेणारा एकच असल्याचे सांगून तो ईश्वराच्या नावाची स्तुती करतो. नंतर त्याच्या सर्वांगावर गळवे उठतात व तो राखेत बसून खापरीने अंग खाजवीत राहतो. पत्नीने देवाला शाप देऊन मरून जाण्यास सुचविले, तरी तो तिचे ऐकत नाही.

त्याचे तीन मित्र अलीफज, बिल्दद व सोफर हे सांत्वनासाठी येतात. त्याची दशा पाहून ते सात दिवस व सात रात्री एक अक्षरही न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात. सबंध ग्रंथात त्यांनी केलेली ही एकच निर्विवाद चांगली गोष्ट. तिसऱ्या प्रकरणात ईयोब तोंड उघडतो, ते आपल्या जन्मदिवसाला शाप देण्यासाठी. आणि तेथून मित्रांशी त्याचा वाद सुरू होतो. वादाच्या तीन फेऱ्या आहेत (प्रकरणे ४–२७). तिसऱ्या फेरीत मात्र संहिता विस्कळीत झालेली दिसते. बिल्ददाचे भाषण अवघ्या सहा ओळींचे आहे, सोफराचे भाषण नाहीच आणि ईयोबाच्या मुखी मित्रांना शोभणारी काही वाक्ये आली आहेत. अठ्ठाविसावे प्रकरण ज्ञानाचा शोध कोठे घ्यावा यासंबंधीचे एक स्वतंत्र काव्य आहे. नंतर ईयोबाचे अखेरचे निवेदन (२९–३१), अलीहू नावाच्या तरुणाची अनपेक्षित भाषणे (३२–३७), वावटळीतून आलेली देवाची वाणी (३८–४१) व ईयोबाचे अल्प उत्तर (४२:१–६) असा क्रम आहे. उपसंहारात देव मित्रांवर रागावतो, ईयोबाला त्यांच्यासाठी प्रार्थना करावयास सांगतो व त्याची संपत्ती दुप्पट करतो. अपत्ये मात्र पूर्वीइतकीच, सात पुत्र व तीन कन्या, होतात. गेलेल्या मुलांची भरपाई दुपटीने होत नसते, हे ग्रंथकाराला ठाऊक होते, असा तर्क काही भाष्यकारांनी केला आहे. नव्या कन्यांची नावे ग्रंथात दिलेली आहेत व त्यांना भावांबरोबर वारसा मिळाल्याचाही उल्लेख आहे. प्राचीन पश्चिम आशियाच्या संदर्भात तो असाधारण होय.

काल व संहिता : ग्रंथाचा कर्ता अज्ञात आहे. रचनाकालाविषयी मतभेद असले, तरी बहुतेक अभ्यासक तो ख्रि. पू. सातवे ते चौथे शतक यांच्या दरम्यान ठेवतात. गद्यकथा जुनी असावी व तिच्या चौकटीत कोण्या श्रेष्ठ कवीने संवाद बसविले असावेत, असे एक मत आहे. यहेज्केल या ग्रंथात नोहा व दानिएल यांच्या जोडीने ईयोबाचा नीतिमान म्हणून निर्देश येतो (१४:१४). त्यावरून त्याची कथा आधीपासून प्रचलित होती, हे उघड आहे. गद्यभागात व देवाच्या भाषणांच्या प्रस्तावनेत ‘याहवे’ हे इस्राएलचे देवनाम आढळते, तर संवादांत बहुधा एल, एलोआ, शद्दाय ही सर्वसामान्य नावे येतात. भाषा जुन्या करारात सर्वांत कठीण समजली जाते. अन्यत्र कोठेही न आढळणारे शब्द तीत पुष्कळ आहेत. ग्रीक भाषांतर मूळ हिब्रूपेक्षा सु. एक षष्ठांशाने लहान आहे. मृत समुद्राजवळील कुमरान येथील अकराव्या गुहेत १९५६ मध्ये या ग्रंथाच्या ॲरेमाइक भाषांतराचे अवशेष सापडले. पीडित सज्जनाच्या विलापाचा विषय बॅबिलोनियन वाङ्मयातही आढळतो; मार्डूक देवतेची स्तुती करणारे ‘लुडलुल बेल नेमेकी’ हे अकेडियन काव्य त्यांपैकी विशेष प्रसिद्ध आहे. परंतु ईयोबाची धार त्यात नाही.

मित्रांचा युक्तिवाद : तिन्ही मित्र धर्मनिष्ठ आहेत व त्यांचे सिद्धांत जुन्या करारात, विशेषतः नीतिसूत्रांत, वारंवार आलेले आहेत. देव न्यायी आहे. तो सज्जनांना सुख व दुर्जनांना दुःख देतो. म्हणून ज्याला दुःख झाले त्याने पाप केलेले असले पाहिजे, असा त्यांच्या विचाराचा साचा आहे. पहिली दोन विधाने मान्य केली, तरी तिसरे त्यांतून तर्काने निघत नाही. दुर्जनाला दुःख होते एवढ्यावरून दुःखी मनुष्य दुर्जन ठरत नाही. अलीफज सौम्य व अनुभवी आहे. रात्री झालेल्या गूढ दर्शनाचा आधार देऊन तो सांगतो, की देवापुढे कोणताच मर्त्य शुद्ध नाही. बिल्दद परंपरेचा हवाला देतो व ईयोबाची मुले त्यांच्या अपराधामुळेच मेली असावीत, असे त्या पित्यालाच ऐकवतो (८:४). सोफराच्या मते ईयोबाला झालेली शिक्षा त्याच्या पापाच्या मानाने कमीच आहे. वाद वाढतो, तसे मित्र सिद्धांत सोडण्याऐवजी मित्राला सोडतात. बाविसाव्या प्रकरणात तर अलीफज, ईयोबाने गरिबांची वस्त्रे गहाण ठेवून घेतली, तहानेल्यास पाणी दिले नाही व विधवांना रित्या हाताने परतविले, असे आरोप कोणताही पुरावा नसताना रचतो. दुःखाचे स्पष्टीकरण देण्याच्या आग्रहातून दुःखी माणसाची बदनामी कशी होते, याचे इतके अचूक चित्र धर्मवाङ्मयात क्वचितच सापडेल.

अलीहूचा विचार काहीसा वेगळा आहे. दुःख ही शिक्षाच असते असे नाही. ते इशारा किंवा शिक्षणही असू शकते, असे तो मांडतो. ख्रिस्ती उपदेशकांना हा विचार फार आवडत आला आहे. तथापि उपसंहारात अलीहूचे नावही येत नाही. त्याची भाषणे मागाहून घातली गेली असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात.

ईयोबाची तक्रार : गद्यातील शांत ईयोब पद्यात अत्यंत क्षुब्ध होतो. मानव हा देवाच्या लक्षात राहण्याजोगा कोण, असे आठव्या स्तोत्रात कृतज्ञतेने म्हटले आहे. ईयोब तीच कल्पना उलटी करून, देवाने क्षणभर तरी आपल्यावरची नजर काढावी, अशी याचना करतो (७:१७–१९). देव व आपण यांच्यामध्ये दोघांवर हात ठेवणारा मध्यस्थ कोणी नाही, याची त्याला खंत वाटते (९:३३). तो देवाला न्यायालयात खेचू पाहतो. मात्र देवाविरुद्धचा हा दावा तो देवापुढेच चालवितो. दुसऱ्या कोणाकडे तो जात नाही. मित्र देवाविषयी बोलतात, ईयोब देवाशी बोलतो. सर्व संवादांत प्रार्थना करणारा तो एकटाच आहे.

या संदर्भात तेराव्या प्रकरणातील पंधरावी ओळ महत्त्वाची ठरते. देवाने आपला जीव घेतला, तरी आपण त्याच्यावरच आशा ठेवू, अशा अर्थाने ती ओळ इंग्रजीच्या १६११ मधील अधिकृत भाषांतरातून जगभर पोहोचली आणि संकटातील ख्रिस्ती श्रद्धेचे ते जणू घोषवाक्य बनले. परंतु हिब्रू संहितेत लिहिलेला शब्द व वाचावयाचा म्हणून समासात दिलेला शब्द यांत येथे एका अक्षराचा फरक आहे. ‘लो’ असाच उच्चार असलेला शब्द आलेफ अक्षराने लिहिला, तर ‘नाही’ आणि वाव अक्षराने लिहिला, तर ‘त्याच्याकरिता’ असा अर्थ होतो. मूळ लेखन आलेफचे आहे. त्यानुसार ईयोब म्हणतो, की देव आपल्याला मारणार व आपल्याला आशा उरलेली नाही. अनेक आधुनिक भाषांतरे हाच अर्थ स्वीकारतात. भाविकाला हा पाठ निराशाजनक वाटेल. पण ओळीचा उत्तरार्ध दोन्ही पाठांत एकच आहे. तरीही आपण आपली बाजू त्याच्या तोंडावर मांडू, असे ईयोब म्हणतो. आणि लागलीच पुढे, अधर्मी मनुष्य देवासमोर येऊ धजत नाही, म्हणून हे समोर जाणेच आपल्या तारणाचे चिन्ह आहे, असे तो सांगतो. आशा नसतानाही तो ज्याच्याकडून ती संपली त्याच्याकडेच तोंड करून उभा राहतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हा दुसरा पाठ पहिल्यापेक्षा श्रद्धेचे अधिक खोल वर्णन करतो.

एकोणिसाव्या प्रकरणातील प्रसिद्ध ओळींचीही (१९:२५–२७) अशीच स्थिती आहे. आपला ‘गोएल’ जिवंत असल्याची खात्री ईयोब तेथे व्यक्त करतो. गोएल म्हणजे गहाण पडलेली जमीन किंवा दास्यात गेलेला आप्त सोडविणारा, तसेच खुनाचा सूड घेणारा जवळचा नातलग. सेंट जेरोमच्या लॅटिन भाषांतरात या ओळींना देहाच्या पुनरुत्थानाचा स्पष्ट अर्थ मिळाला व गोएल म्हणजे उद्धारक ख्रिस्त हे समीकरण रूढ झाले. हँडेलच्या मिसाया या वाद्यवृंदयुक्त धर्मसंगीतकृतीचा (प्रथम प्रयोग डब्लिन, १७४२) तिसरा भाग याच शब्दांनी सुरू होतो. मूळ संहिता एवढी बिघडलेली आहे, की तीवरून मरणोत्तर जीवनाचा सिद्धांत काढणे धाडसाचे होईल. शिवाय चौदाव्या प्रकरणात ईयोबाने, तोडलेल्या झाडाला पालवी फुटते पण मेलेला माणूस उठत नाही, असे म्हटलेलेच आहे.

त्याच्या निवेदनांतील आणखी एक गोष्ट पूर्वीच्या भाष्यकारांनी फारशी लक्षात घेतली नाही. चोविसाव्या प्रकरणात तो स्वतःचे दुःख विसरून, शेतांच्या हद्दी सरकविणाऱ्या धनिकांचे, विधवेचा बैल गहाण म्हणून ओढून नेणाऱ्यांचे आणि उपाशीपोटी दुसऱ्याच्या पेंढ्या वाहणाऱ्या उघड्यानागड्या मजुरांचे वर्णन करतो. एकतिसाव्या प्रकरणातील शपथेत, आपल्याला व आपल्या दासाला एकाच निर्मात्याने गर्भात घडविले, असे तो म्हणतो. राखेत बसल्यावर त्याला इतरांची राख दिसू लागते.

देवाचे उत्तर : वावटळीतून बोलणारा देव ईयोबाच्या एकाही प्रश्नाला उत्तर देत नाही. पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कोठे होतास, अशा धर्तीच्या प्रश्नांनी तो आरंभ करतो व समुद्र, हिमवृष्टी, नक्षत्रे, सिंहीण, कावळा, रानबकरी, रानगाढव, शहामृग, युद्धाचा घोडा व गरुड यांची एक विलक्षण चित्रमाला उभी करतो. जेथे माणूस राहत नाही, अशा निर्जन भूमीवर पाऊस का पडतो (३८:२६)? ज्यांचा मानवाला काडीचाही उपयोग नाही, असे प्राणी का आहेत? बेहेमोथ व लेविआथान या दोन महाकाय प्राण्यांच्या वर्णनाने ही भाषणे संपतात. काहींना हे केवळ शक्तिप्रदर्शन वाटते व तो आक्षेप सहज झटकून टाकता येत नाही. उलटपक्षी, विश्व हे मानवाच्या पापपुण्याच्या जमाखर्चाभोवती रचलेले नाही, असे या भाषणांतून सूचित होते आणि तसे असेल, तर मित्रांच्या सिद्धांताचा आधारच कोसळतो. ईयोबाच्या शेवटच्या शब्दांचा अर्थही निश्चित नाही. ‘धूळ व राख यांत पश्चात्ताप करतो’ हा रूढ अर्थ असला, तरी तेथील क्रियापदाचा ‘सांत्वन पावतो’ असाही अर्थ होऊ शकतो. निश्चित आहे ते एवढेच, की ईयोबाने आपल्याविषयी यथार्थ बोलणे केले व मित्रांनी केले नाही, असा निर्वाळा पुढे देव स्वतः देतो (४२:७). सैतानाशी झालेल्या पैजेची हकीकत मात्र ईयोबाला अखेरपर्यंत कळत नाही. वाचकाला जे ठाऊक आहे, ते त्याला नाही.

नव्या करारातील विचार : नव्या करारात ईयोबाचे नाव एकदाच येते (याकोब ५:११). तेथे त्याच्या ‘हुपोमोने’चा गौरव आहे. मराठीत त्याचे भाषांतर धीर किंवा सहनशीलता असे करतात. पण या ग्रीक शब्दात निमूटपणे सोसण्यापेक्षा ओझ्याखाली उभे राहण्याची चिकाटी अभिप्रेत आहे. पौलाने ईयोबाच्या ग्रंथातून घेतलेले एक वचन (१ करिंथ. ३:१९) नेमके अलीफजाच्या भाषणातील आहे, ही गंमत नोंदण्यासारखी आहे.

दुःख म्हणजे पापाचे फळ, हा मित्रांचा साचा येशूने दोनदा स्पष्टपणे नाकारला. जन्मांध मनुष्याविषयी शिष्यांनी पाप कोणाचे, त्याचे की आईबापांचे, असे विचारले असता त्याने दोन्ही पर्याय फेटाळले (योहान ९). शिलोह येथील बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाली, ती इतरांहून अधिक अपराधी नव्हती, असेही त्याने सांगितले (लूक १३). डोंगरावरील प्रवचनात आकाशातील पाखरांचा व रानातील फुलांचा दृष्टांत देऊन त्याने उद्याच्या चिंतेविषयी जो उपदेश केला, तो ख्रिस्ती भरवशाचा मूलाधार समजला जातो. मात्र हाच उपदेश करणारा येशू गेथशेमाने बागेत दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना करतो आणि क्रूसावर बाविसाव्या स्तोत्रातील परित्यक्ततेचा आक्रोश करतो. स्तोत्रसंहितेतील विलापस्तोत्रांची संख्या स्तुतिस्तोत्रांपेक्षा कमी नाही. तक्रार हा या परंपरेत श्रद्धेचा अभाव नसून तिची एक भाषा आहे. पौलाने आपल्या शरीरातील ‘काटा’ दूर व्हावा म्हणून तीनदा प्रार्थना केली व ती मान्य झाली नाही; दुर्बलतेतच कृपा पुरेशी असल्याचा प्रत्यय मात्र त्याला आला (२ करिंथ. १२). देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक ठरतात, हे त्याचे विधान (रोम. ८:२८) संकटग्रस्तांना पुष्कळदा ऐकविले जाते. परंतु त्याच प्रकरणात त्याने सर्व सृष्टी प्रसूतिवेदनांनी कण्हत असल्याचे व आपणही कण्हत असल्याचे सांगितले आहे. पौलाने हे स्वतःच्या छळाविषयी बोलताना लिहिले. दुसऱ्याच्या मुलाच्या मृत्यूवर ते तत्काळ लावणे म्हणजे बिल्ददाच्या वाटेने जाणे होय.

भाष्यपरंपरा : ख्रिस्ती जगात सहनशील ईयोबाची मूर्ती रूढ होण्यास मूळ ग्रंथापेक्षा इतर लेखन अधिक कारणीभूत झाले. ईयोबाचे मृत्युपत्र या प्राचीन ग्रीक ग्रंथात संकटांचे कारण त्याला आधीच ठाऊक असते. त्यामुळे तक्रारीला जागाच राहत नाही. पोप पहिला ग्रेगरी (सु. ५४०–६०४) याने कॉन्स्टँटिनोपल येथे दूत असताना आरंभिलेले ३५ भागांचे महाभाष्य मध्ययुगात प्रमाण मानले गेले. तो स्वतः दीर्घकाळ आजारी असे व पीडित ईयोबाचे विवरण पीडिताच्या हातून व्हावे, ही ईश्वराची योजना असावी, असे त्याने अर्पणपत्रात सुचविले आहे. ईयोब म्हणजे ख्रिस्त व ख्रिस्तसभा, मित्र म्हणजे पाखंडी, अशी रूपके त्याने मांडली. संत तक्रार करणार नाही, या गृहीतामुळे शापवचनांचा त्याला आध्यात्मिक अर्थ लावावा लागला. सेंट टॉमस अक्वायनस (सु. १२२५–७४) याने उलट वाच्यार्थावर भर दिला व हा ग्रंथ ईश्वरी योजनेविषयीचा शास्त्रार्थ म्हणून वाचला, न्यायाची पूर्तता या जन्मात न होता मरणोत्तर होते, हे त्याचे मुख्य सूत्र. रोमन पंथाच्या मृतांसाठीच्या परंपरागत उपासनेतील नऊ वाचने ईयोबातूनच घेतलेली होती. कुष्ठरोगी व त्वचारोगी त्याला आपला संत मानीत. व्हेनिसमध्ये त्याच्या नावाचे चर्च आहे.

जॉन कॅल्व्हिनने १५५४–५५ मध्ये जिनीव्हात ईयोबावर १५९ प्रवचने दिली. ईयोबाची बाजू खरी, पण मांडणी वाईट. मित्रांची बाजू खोटी, पण मांडणी चांगली, हे त्याचे निरीक्षण मार्मिक आहे. देवाच्या सार्वभौमत्वापुढे नमणे हा त्याच्या विवेचनाचा गाभा होय.

अठराव्या शतकात प्रश्नाचे स्वरूप बदलले. जगातील अनिष्टाचे ईश्वराच्या न्यायाशी बुद्धीने सांगड घालणारा लायप्निट्सचा ग्रंथ १७१० मध्ये प्रसिद्ध झाला. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्चे भरलेली असताना लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले आणि व्हॉल्तेअरने कांदीद (१७५९) मध्ये त्या आशावादाची रेवडी उडविली. कांटने १७९१ मधील एका निबंधात असे सर्व प्रयत्न निष्फळ ठरवून ईयोबाचा आधार घेतला. मित्र देवाला खूश करण्यासाठी, त्यांना न कळणाऱ्या गोष्टी कळल्यासारखे बोलतात. ईयोब मनात आहे तेच बोलतो. म्हणून देव त्याच्या प्रामाणिकपणाच्या बाजूने निर्णय देतो, असे कांटचे प्रतिपादन आहे. धर्मपंडितांच्या एखाद्या न्यायसभेपुढे मात्र ईयोबाचा निभाव लागला नसता, अशी कोपरखळीही त्याने मारली आहे. किर्केगॉरने १८४३ मध्ये ईयोबावर दोन प्रकारे लिहिले. एका प्रवचनात तो ईयोबाच्या पहिल्या शरणागत उद्गारावर चिंतन करतो, तर पुनरावृत्ती या कृतीतील तरुण त्याच्या गर्जणाऱ्या तक्रारींनी झपाटलेला आहे. ग्रंथातील दोन ईयोबांना असा दुहेरी न्याय देणारा दुसरा लेखक विरळा.

विसाव्या शतकातील दोन उदाहरणे बोलकी आहेत. इंग्रज लेखक सी. एस्. लूइस याने १९४० मध्ये वेदनेच्या समस्येवर एक सुघड व तर्कशुद्ध पुस्तक लिहिले. १९६० मध्ये पत्नी निवर्तल्यावर त्याने जी टिपणे लिहिली, ती पुढील वर्षी टोपणनावाने प्रसिद्ध केली. त्यांत देवाचे दार आतून बंद झाल्याचा अनुभव येतो आणि पहिल्या पुस्तकातील सफाई कोठेही दिसत नाही. जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहॉफर (१९०६–४५) हा हिटलरविरोधी कटातील सहभागामुळे ९ एप्रिल १९४५ रोजी फाशी गेला. संकटातून सुटका करणारा सर्वशक्तिमान नव्हे, तर दुःख भोगणारा देवच साहाय्य करू शकतो, असा विचार त्याने तुरुंगातील पत्रांत मांडला. पेरूमधील धर्मगुरू गुस्ताव्हो गुत्येरेस (१९२८–२०२४) याने १९८६ मधील आपल्या ग्रंथात, दारिद्र्य व हिंसा भोगणाऱ्या निरपराध जनतेमध्ये देवाविषयी कोणत्या भाषेत बोलावे, असा प्रश्न ईयोबाला विचारला. स्वतःच्या दुःखाकडून गरिबांच्या दुःखाकडे ईयोबाची दृष्टी वळणे, हा त्याला ग्रंथाचा निर्णायक टप्पा वाटतो. मानसशास्त्रज्ञ युंग याने १९५२ मध्ये या कथेचा मनोविश्लेषणात्मक अर्थ लावला. त्यात ईयोब देवापेक्षा नैतिक दृष्ट्या वरचढ ठरतो. ते विवेचन वेधक असले, तरी ग्रंथापेक्षा युंगविषयीच अधिक सांगते.

दृश्यकलेत विल्यम ब्लेक याची २१ कोरीव चित्रे (१८२६) सर्वश्रेष्ठ होत. पहिल्या चित्रात ईयोबाच्या कुटुंबाची वाद्ये झाडावर टांगलेली आहेत. शेवटच्या चित्रात तीच वाद्ये सर्वांच्या हाती असून ती वाजत आहेत.

महाराष्ट्रातील संदर्भ : मराठी ख्रिस्ती जीवनात संकटातील ईश्वरनिष्ठेचा विचार पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या चरित्राशी निगडित झाला आहे. १८७०–८० या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील व थोरली बहीण ही एकामागून एक मरण पावली. १८८० मध्ये भाऊ व १८८२ मध्ये पती गेले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो निराश्रित मुली व विधवा आणल्या व पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्तिसदन उभे केले. ब्रिस्टल येथे कोणाकडेही द्रव्य न मागता केवळ प्रार्थनेच्या बळावर हजारो अनाथांचे संगोपन करणाऱ्या जॉर्ज म्यूलर (१८०५–९८) याच्या चरित्राचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. रमाबाईंची श्रद्धा निमूट स्वीकाराची मात्र कधीच नव्हती. स्त्रियांच्या दुःखाला दैव किंवा पूर्वकर्म म्हणून संबोधणाऱ्या स्पष्टीकरणांशी त्यांनी जन्मभर भांडण केले आणि मिशनरी वरिष्ठांनाही अवघड प्रश्न विचारले. १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा त्यांच्या आधी निवर्तली. बायबलचे मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून साध्या मराठीत भाषांतर करण्याचे काम त्या अखेरपर्यंत करीत होत्या.

देवाशी भांडण ही मराठी वाचकाला परकी गोष्ट नाही. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात पत्नी व मुलगा गमावलेल्या तुकारामांनी विठ्ठलाशी केलेली सलगी, रुसवा व कठोर बोल गाथेत विपुल आहेत. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो, असे रेव्हरंड नारायण वामन टिळक (मृत्यू १९१९) मानीत व अभंग-भजनांची ती भाषा त्यांनी मराठी ख्रिस्ती उपासनेत आणली. दोन्ही परंपरांतील भेदही आहेत. तुकारामांचे भांडण रूपाच्या, भेटीच्या ओढीतले आहे, ईयोबाचे न्यायासाठी आहे. पूर्वकर्माचा जो दुवा वारकरी विचारात उपलब्ध होता, तो ईयोबाच्या कवीपाशी नव्हता आणि मित्रांनी तसाच दुवा सुचविला, तेव्हा त्याने तो नाकारला. रमाबाईंचे संपूर्ण बायबल त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, केडगाव येथील मुक्ती छापखान्यात छापले गेले. त्या छापखान्याचे काम सदनातील स्त्रियांच्या हाती होते.